गेणबांचा पहारा

रोहिणी पहिल्या बाळंतपणाला अंथुर्ण्याला माहेरी आली होती. मुलगी होऊन सहा दिवस झाले आणि पोर छातीला धरली की तोंड फिरवून रडायला लागायची. दवाखान्यात जमत होतं ते घरी काही केल्या जमेना.

म्हणून तिच्या आईने, कौसल्याबाईंनी, शेजारच्या छबूबाईंना विचारलं. इथंच चुकलं. छबूबाई आळिवाची खीर घेऊन आल्या आणि जाणकार म्हणून जावेलाही घेऊन आल्या. जावेने शतावरी सुचवली, तर शतावरीवाली स्वतःच हजर झाली. दुपारपर्यंत बाळंतिणीच्या खोलीत अकरा बायका आणि निदान बारा मतं जमली. पोर रडली की सगळ्या एकदम वाकून बघत. रोहिणी ओढणी ओढून अंग चोरून बसे, आणि पोर उपाशीच राही.

"वरचं दूध चालू करा आता," छबूबाईंनी निकाल दिला. ते ऐकून रोहिणीही रडायला लागली.

तेवढ्यात गावची आशा सेविका सोनम आली. बाळाचं पोट आईच्या पोटाला लावायचं, तोंड मोठं उघडू द्यायचं, असं ती शांतपणे सांगत होती. पण अकरा जणी तेच मोठ्याने समजावून सांगू लागल्या, त्यामुळे तिचा एक शब्दही रोहिणीपर्यंत पोचला नाही.

रोहिणीचे वडील गेणबा सकाळपासून ओसरीवर बसून हे ऐकत होते. असल्या विषयात पुरुषाने तोंड घालू नये हे त्यांना ठाऊक होतं. पण नातीचं रडणं त्यांना ऐकवेना. गोठ्यातली काठी घेऊन ते दारात उभे राहिले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "सोनमताई, तुमी थांबा. बाकीच्यांनी भाईर या."

कुणी हललं नाही.

"पयलारू हाय, पयल्या वेताची," गेणबा म्हणाले. "माणसं बघून पान्हा चोरती."

छबूबाई खिरीचा डबा विसरून बाहेर पडल्या. गेणबांनी दार ओढून घेतलं आणि काठी आडवी धरून उंबऱ्यावर बसले. कौसल्याबाईंनासुद्धा त्यांनी आत सोडलं नाही. हळूहळू रडणं कमी झालं, मग थांबलं. पोर प्यायला लागली, असं सोनमने आतून सांगितलं. रोहिणीचं हसणंही ऐकू आलं.

कौसल्याबाईंनी पदराने डोळे पुसले आणि मग नवऱ्याकडे रोखून पाहिलं.

"रोहिणीला घिऊन मी ह्याच खोलीत महिनाभर रडत हुते. तवा कुठं गेलं हुतं ह्ये शानपन?"

गेणबांनी आडवी काठी उचलून भिंतीला टेकवली.

"तवा आपल्याकडं गाय न्हवती," ते म्हणाले.