कात्रजचं श्रीखंड

ऋतुजाचं चुकलं ते एवढंच, की खोटं बोलताना तिने श्रीखंडाचं नाव घेतलं. "ऑफिसला जाते" म्हटलं असतं, तर वारज्याच्या त्या घरात कुणी मानही वर केली नसती. "कात्रजच्या डेअरीतून श्रीखंड आणते" म्हटल्याबरोबर अख्खं घर जागं झालं.

खरं काम वेगळंच होतं. लेक संस्कृती सहा वर्षांची झाली होती आणि एक पोर पुरे, हे ऋतुजाचं पक्कं ठरलं होतं. आज बारा वाजता कात्रजच्या एका दवाखान्यात तांबी बसवून घ्यायची होती. डॉक्टरीणबाईंनी पाळीनंतरचे मोजके दिवस सांगितले होते. आज हुकलं की गेलं पुढच्या महिन्यावर, आणि मागचा महिना पाहुण्यांनी खाल्ला होता. नवरा ऋषी खराडीच्या ऑफिसातून फोनवर म्हणाला होता, "तुझा डिसिजन आहे, माझा फुल सपोर्ट. फक्त घरी कळू देऊ नकोस." झाला सपोर्ट! सासरे बजरंगराव तर नातवासाठी नवस बोलून बसले होते.

"जातीच हायस तर दोन किलो आण," बजरंगराव ओट्यावरून ओरडले. शेजारच्या मुक्ताईकाकूंनी तुपासाठी किटली पाठवली. धाकटा दीर इंद्रजीत, तिशीचा घोडा, आतून म्हणाला, "वहिनी, मला लस्सी!" आणि ऋतुजा गाडी काढते तोवर सासूबाई विजयमालाबाई दोन पिशव्या घेऊन शेजारच्या सीटवर बसल्याच.

"आई, तुम्ही कशाला? ऊन किती आहे!"

"ऊन काय मला एकटीलाच लागतंय व्हय? आधी हे थालीपीठ खा."

"उशीर होतोय हो!"

"श्रीखंड काय पळून चाललंय? खा."

तिने थालीपीठ कसंबसं कोंबलं. पुलाखाली ट्रक आडवा झाला होता, तिथे पंधरा मिनिटं गेली. डेअरीच्या दुकानापुढे ही रांग! अकरा चाळीस. आता पुन्हा महिनाभर जीव मुठीत धरून दिवस मोजायचे?

"आई, तुम्ही रांगेत थांबा. मी जरा शेफालीला भेटून आलेच. मैत्रीण आहे माझी."

"बारा वाजताच?"

"हो... तिला बाराच सोयीचे पडतात."

"मैत्रिणीला भेटायला फाईल लागती का गं?"

ऋतुजाने काखेतली फाईल पदराआड लपवायला हात नेला. अंगात कुडता होता.

"सकाळी तू आंघोळीला गेलतीस तवा दवाखान्यातल्या बाईचा फोन आला," विजयमालाबाई शांतपणे म्हणाल्या. "उपाशी पाठवू नका म्हणाली. मग थालीपीठ काय हौस म्हणून लावलं मी?"

"मग... आधी का नाही बोललात?"

"तू कुठं बोललीस?"

ऋतुजाला रडावं की हसावं कळेना. "रागावलात?"

"रागावले असते तर गाडीत कशाला बसले असते? दोन पोरी, मग ऋषी झाला, तवा मी बी 'डेअरीत जाते' सांगून इथल्याच दवाखान्यात आले होते. ऑपरेशन करून घ्यायला. तिथली बाई म्हणाली, नवऱ्याची सही आणा. आले माघारी." त्यांनी सुस्कारा टाकला. "वर्षाच्या आत इंद्रजीत."

रांग तशीच टाकून दोघी निघाल्या. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "मिस्टर नाही आले?"

"त्यांचं काय काम हाय?" विजयमालाबाईंनी असं विचारलं, की मुलीने निमूट ऋतुजापुढे फॉर्म सरकवला. सही तिच्या एकटीचीच लागली. तरी सासूबाईंनी पेन मागून घेतलं आणि सुनेच्या सहीखाली, कुणी विचारलं नसताना, आपलंही पूर्ण नाव लिहिलं.

तीन वाजता दोघी घरी आल्या. पिशव्या रिकाम्या, किटली रिकामी.

"आरं तिच्या! श्रीखंड कुठं हाय?" बजरंगराव उठूनच बसले.

"न्हाई आणलं."

"का?"

"आमची मर्जी."

चाळीस वर्षांच्या संसारात हे उत्तर त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. तेवढ्यात इंद्रजीत पोट चोळत बाहेर आला. "म्हणजे लस्सी पण नाही? आई, कात्रजला जाऊन रिकाम्या हाताने कुणी येतं का?"

विजयमालाबाईंनी त्याच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मग त्याच्या गालावरून मायेने हात फिरवला.

"मागं एकदा मी आले होते, बाबा. ते अजून पोसतेय."

बजरंगराव आणि इंद्रजीत एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. ऋतुजाला मात्र पिता पिता पाण्याचा असा ठसका लागला, की सासूबाईंनाच तिची पाठ थोपटावी लागली.