गळती नव्हे, ठिबक

जळगावच्या समस्त नागरिकांस कळविण्यास अत्यंत खेद होतो की, आमच्या शेजारच्या भास्करनानांची गाडी पुन्हा गळू लागली आहे. सर्वांनी कृपया धीर धरावा. माझा संपला आहे.

'गळू लागली' हे मात्र नानांच्या कानावर जाऊ देऊ नका. नाना ठिबक सिंचनाच्या नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होते. उभी नोकरी थेंबावर डोळा ठेवण्यात गेली. "मास्तर, गळणं वेगळं, ठिबकणं वेगळं," ते मला बजावतात. "गळती म्हणजे बेशिस्त. आपली गाडी ठिबकते."

गाडी डिझेलची, जुनी. तिच्या टर्बोला, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याला, तेल पोचवणारी बोटभर जाडीची एक नळी आहे. ती जिथे बोल्टने आवळली आहे, तिथून हे शिस्तबद्ध ठिबकणं चालतं. रोज सकाळी नाना इंजिन चालू करून सगळ्या गल्लीला उठवतात, खाली स्टीलची ताटली सरकवतात आणि शेजारी स्टूल टाकून दहा मिनिटांचे थेंब मोजतात. स्टुलाखाली एक पाना पडलेला असतो. थेंब मोजायला पाना कशाला, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. कारण तेवढ्यात खिडकीखालून पुकारा होतो, "मास्तर, आज चौदा!" मी दाढी करत असतो. चौदा ऐकून शेजाऱ्याने नेमकं काय करावं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आकडा तिशीपलीकडे गेला की धुळ्याला जायचं. जळगावात गॅरेजं नाहीत असं नाही. दगड भिरकावला तर तीन फिटर 'ओय' करतील. पण नानांचा भरवसा फक्त धुळ्याच्या प्रल्हाद मिस्त्रीवर. हा प्रल्हाद म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, आणि सहा वर्षांपासून दोघांत अबोला!

कारण, प्रल्हादच्या मुलीची लग्नपत्रिका. निमंत्रकांच्या यादीत नानांचं नाव छापायचं राहिलं. चूक छापखान्याची होती, प्रल्हादने कान पकडले होते. पण नाना पडले तपासनीस. एकदा नापास केलेला माल ते पुन्हा हातात घेत नाहीत.

"मग त्याच्याच गॅरेजात कसे जाता?" मी एकदा विचारलं.

"अबोला माणसांचा असतो, मास्तर. गाडीचा काय संबंध?"

संबंध माझा येतो. न बोलणाऱ्या दोघांना मध्ये बोलणारा एक लागतो, म्हणून दर दीड-दोन महिन्यांनी माझा एक रविवार धुळ्याच्या वाटेवर जातो.

परवाचाच रविवार घ्या. एरंडोलला चहाला थांबलो, तर नानांनी भर स्टँडसमोर गाडीखाली ताटली सरकवली. टपरीवाला म्हणाला, "आबा, मांजर शे का खाले?" नाना हलले नाहीत. त्यांचा सतरावा थेंब चालू होता.

पारोळ्याच्या पुढे बॉनेटमधून धूर निघाला. तेल तापलेल्या टर्बोवर सांडत होतं. मी दार उघडून शेतात पळालो. नाना शांतपणे उतरले. "बठ्ठं ठीक शे, मास्तर, सगळं ठीक," असं म्हणत त्यांनी खिशातून पाना काढला, रुमाल गुंडाळून हात आत घातला, दोन पिळे दिले. ठिबक बंद!

"अहो, दोन मिनिटांत थांबते, तर रोज का नाही थांबवत?" मी कपाशीतून ओरडलो.

"तात्पुरतं आहे ते," नाना म्हणाले आणि माझी नजर चुकवून गाडीत बसले.

धुळ्याला पोचलो, तर प्रल्हाद मिस्त्री गॅरेजच्या दारातच उभा. तो कायम दारातच उभा असतो. आणि सुरू झालं.

"मास्तर, गाडीवाल्यांना विचारा, वाटेत त्रास झाला का?"

"मिस्त्रीला सांगा, झाला नाही. आणि डिकीत असोद्याची वांगी आहेत. वजनासाठी ठेवली होती. काढून घ्या म्हणावं."

"गाडीवाल्यांना सांगा, मागच्या वजनाचं भरीत चांगलं झालं होतं. आजही जेवून जा म्हणावं."

दोघांमध्ये चार फुटांचं अंतर. मी नाही पोचवलं तरी निरोप पोचतच होते. पण नियम म्हणजे नियम. वांगीसुद्धा मीच काढली.

मात्र या वेळी मीही तयारीने गेलो होतो. पिशवीतून कोरी करकरीत नळी काढून प्रल्हादच्या हातात ठेवली. "ही घ्या. नवा बोल्ट, नवे वायसर, सगळं आहे. बसवा आणि मला या जन्मातून मोकळं करा!"

मला वाटलं होतं, दोघे खूश होतील. पण नानांनी गाडीतून ताटली काढून पुसायला घेतली.

"मास्तर, मिस्त्रीला विचारा," नाना म्हणाले, "ही किती दिवस टिकेल?"

"गाडीवाल्यांना सांगा, गाडी भंगारात जाईपर्यंत थेंब पडायचा नाही."

नानांनी हातातली पुसलेली ताटली पुन्हा पुसली. मग अगदी हळू म्हणाले, "विचारा... तपासायला आणावी लागेल ना पण? महिन्या-दोन महिन्यांनी?"

हा निरोप माझ्याने पुढे नेववेना. प्रल्हाद बॉनेटमध्ये वाकला. त्याने जुना बोल्ट काढला आणि उजेडात धरला. डोक्याचे सहाही कोपरे घासून गोल झाले होते. वर्षातून सहा-सात वेळा खोललेला बोल्ट असा होत नाही. हा कुणीतरी रोज सकाळी थोडा, अगदी हिशोबाने, ढिला केला होता. टर्बोवर जळक्या तेलाचा काळा थर होता. त्यावरून प्रल्हादने बोट फिरवलं, त्या बोटाकडे पाहिलं, आणि त्याचा चेहराच बदलला.

"मास्तर, गाडीवाल्यांना सांगा..." त्याने नेहमीप्रमाणे सुरुवात केली. पण आवाज फाटला, मला हाताने बाजूला सारून तो सरळ नानांसमोर जाऊन उभा राहिला आणि ओरडला,

"भाऊ, एखाद दिन गाडीसंगे जळी जाशी ना! बोल्ट कसाले ढिला करस? असाच येत जाय ना!"