‘कायले?’ विचारणारे सर

रहांगडाले सरांना कॉलेजच्या फाटकात ‘नमस्कार सर’ म्हटलं, की ते सायकलवरून उतरून विचारत, ‘कायले?’ म्हणजे, कशाला?

मग तास बुडो, पण माणूस नमस्कार का करतो यावर तिथंच चर्चा होई. सर तत्त्वज्ञानाचे. गोंदियात तेव्हा कॉलेज नवं होतं आणि त्यांचा विषय घेणारं कोणीच नव्हतं. म्हणून प्राचार्यांनी त्यांना पहिल्या वर्षाच्या आम्हा पोरांना अभ्यास कसा करावा हे शिकवायला लावलं. तो वर्ग ते संध्याकाळी आपल्या खोलीवर, सतरंजी अंथरून घेत.

मी दवनीवाड्याचा. निघताना बाबांनी एवढंच सांगितलं होतं, ‘नापास झाला तं सरळ बांधीत उतरजो.’ बांधी म्हणजे धानाचं शेत. तिथल्या चिखलाच्या त्या धाकानं मी पुस्तकं तोंडपाठ करत सुटलो. पहिल्याच संध्याकाळी सरांच्या खोलीवर इतिहासाचं पान धडाधड म्हणून दाखवलं.

‘जुनी गावं नदीकाठीच वसली.’

‘कायले?’

‘पुस्तकात आहे.’

‘मिटव ते. धानाचे परे उपटून दुसऱ्या बांधीत कायले रोवता? हायेत तिथंच राहू द्या ना.’

लहानपणापासून ही रोपं रोवत आलेला मी, पण कारण पहिल्यांदाच शोधलं. ‘दाटीत धान भरत नाही, सर. जागा लागते.’

‘मंग? तू आख्खं पान डोक्यात कोंबून राहिला. उपट, अन् आपल्या बोलीत रोव.’

तेव्हापासून रोज संध्याकाळी वाचलेलं आपल्या शब्दांत सांगायचं आणि सरांनी ‘कायले’ म्हणून आडवं यायचं. ती खोड आम्हालाही लागली. एकानं खानावळीत वरण पातळ कायले म्हणून विचारलं. ‘फिलॉसफी बाहर, खाना अंदर,’ म्हणत मालकानं त्याला हाकललं. सरांनी त्याला आपल्याकडे जेवू घातलं. त्यांचं वरण त्याहून पातळ होतं.

मी पास झालो. पेढे घेऊन गेलो, तर सर एकटेच बसलेले, आमची सतरंजी नेहमीसारखी अंथरलेली. आता येण्याचं कारण उरलं नव्हतं. वर्षभर मनात होतं ते विचारून टाकलं, ‘सर, आम्हाले घेऊन रोज कायले बसत होते?’

सरांनी हातातला पेढा परत पुड्यात ठेवला.

‘तुम्ही गेल्यावर मले कोणी काही विचारत नाही, बाबू.’

दुसऱ्या दिवशी सुट्टी लागली, पण गावाची गाडी सोडून मी सरांच्या दारात उभा राहिलो. अडलेलं काहीच नव्हतं. ‘सर, एक विचारायचं होतं,’ म्हणालो, आणि काय विचारायचं ते सतरंजीवर बसल्यावर शोधू लागलो.