तारामतीची अब्रू

विज्ञानात व्यक्तीला स्थान नसते, हे तारनाक्याजवळच्या त्या संशोधन संस्थेत चौऱ्याण्णव सालापर्यंत सर्वमान्य होते. त्या साली वरून 'आपापले प्रायोजक शोधा' असा आदेश आला आणि अंबरपेठेतले शीतपेयांचे एजंट नामदेवराव विज्ञानात दाखल झाले.

बरकतपुऱ्याच्या वंदनाने फळमाशीत एक जनुक शोधले होते. ते बिघडले तरी माशी स्वतः धडधाकट दिसे. पण तिच्या अंड्यातल्या गर्भाला डोकेच फुटत नसे, दोन्ही टोकांना शेपूट. शोधनिबंध छापून आला तरच वंदनाची हंगामी नोकरी टिकणार होती. आणि पुरावा काय, तर तिच्या कुप्यांतल्या त्या बिघडलेल्या माश्या. तशा जगात दुसरीकडे नव्हत्या.

संचालक अरविंदसाहेबांनी जनुकाच्या नामकरणाचा मान प्रायोजकाला दिला. नामदेवराव गहिवरले. "म्हणजे आईमुळं डोकं! मग आमच्या अम्माचंच नाव द्या. तारामती."

बारसे झाल्यावर ते अम्माला बघायला प्रयोगशाळेत आले. वंदनाने कुपी पुढे केली. "या तारामती बिघडलेल्या माश्या."

"काय बोलायलात मॅडम? अम्मात खोट?"

"अम्मात नाही हो, माशीत. बिघडलं म्हणून तर जनुक सापडलं."

"हौ, पण अम्माच्या नावाला खोट नक्को. खराब फेका, चांगल्या ठेवा."

"चांगल्यांत सगळं नीटच असतं. मग दाखवू काय?"

"नीट आहे तेच दाखवा," अरविंदसाहेब म्हणाले. "आपल्याला ती सवयच राहिली नाही."

तत्काळ समिती नेमण्यात आली. सदस्यांपैकी कोणीही फळमाशी पाहिलेली नसल्याने निःपक्षपातीपणाची चिंता नव्हती. समितीचा निष्कर्ष असा: तारामतीत दोष संभवत नाही, सबब सदोष माश्या अस्तित्वात नाहीत, आणि अस्तित्वात नसलेल्यांनी कुप्या अडवून ठेवणे गैर आहे.

कुप्या उकळत्या पाण्यात गेल्या. वंदना तिथेच उभी होती. "माझा निबंध?" तिने विचारले.

"निबंधाचं काय घेऊन बसलीस?" अरविंदसाहेब म्हणाले. "तू कायम झालीस! निर्दोष माश्या सांभाळायच्या."

वंदनाने नेमणूकपत्रावर सही केली.

निर्दोष माश्यांच्या दालनाच्या उद्घाटनाला पाहुण्यांनी रांगेने भिंगातून पाहिले. डोके जागेवर, शेपूट जागेवर. टाळ्या झाल्या. नामदेवरावांनी डोळे पुसले.

त्या माश्या वंदनाने सकाळी घरच्या पिकल्या केळ्यांवरून आणल्या होत्या. तशा आपल्याही स्वयंपाकघरात आहेत.