जावयाच्या हातची जिलबी

जिलबी घरी करण्यात अवघड असं काहीही नाही! मैदा, दही, साखर आणि मनगटात जोर. सगळं आमच्या घरात होतं.

हे मी सासूबाईंसमोर बोललो आणि तिथेच फसलो. सासूबाई-सासरे आमच्याकडे राहायला आले होते. मी हौसेनं दुकानातून जिलबी आणली, तर सासूबाई पुड्याकडे लांबूनच बघत म्हणाल्या, "या घरात सगळं विकतचंच येतं वाटतं!"

कोणता स्वाभिमानी जावई हे ऐकून घेईल?

"उद्या घरी करतो!" मी गरजलो.

"कर की," बायको म्हणाली. "ऑफिसात रोज जिलब्याच तर पाडतोस."

मी तिकडे साफ दुर्लक्ष केलं. मैदा-दही कालवून पातेलं ओट्यावर झाकून ठेवलं. सकाळी पीठ असं फुगलं होतं, जणू त्याला बढती मिळाली होती! मी खुशीत ऑफिसला गेलो.

संध्याकाळी आल्या आल्या पाक केला, तेल तापवलं आणि सॉसच्या धुतलेल्या बाटलीत पीठ भरलं. जरासा लसणाचा वास आला. म्हटलं, बाटलीचाच असणार.

सगळे बघायला दारात उभे. मी बाटली दाबली. काही नाही! जोर लावला. थेंब नाही!

"काहीतरी अडकलंय," सासरे जवळ येत म्हणाले.

"पिठात काय अडकणार, बाबा?"

मी दातओठ खाऊन बाटली आवळली. टोपणासकट पीठ सुटलं! थोडं कढईत, थोडं छताला आणि बाकीचं थेट सासऱ्यांच्या चष्म्यावर! कढईत पडलं ते जिलबीसारखं मुळीच नव्हतं. पायाखाली आलेल्या कोळ्यासारखं होतं.

"आकाराचं सोडा, चव बघा!" म्हणत मी ते पाकात बुडवून ताटलीत वाढलं.

सासऱ्यांनी चष्मा पुसत पुसत पहिला घास घेतला. चावणं थांबलं. डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, गहिवरले!

"पाणी!" ते कसेबसे म्हणाले.

मी तुकडा तोंडात टाकला. आधी गोड, मग खारट, मग कानातून धूर!

"माझ्या पिठात मिरची कुणी घातली?"

"मी!" सासूबाई म्हणाल्या. "दुपारी बघते तर पीठ आंबून वर आलेलं. वाया जायला नको, म्हटलं, जावई दमून येतील, तर तिखट धिरडी घालू."

"अहो, पण मी जिलबी करणार म्हटलं होतं ना!"

"ते खरंच होतं? मला वाटलं, बोलायचं म्हणून बोललात! आणि बाटलीत भरलंत ते वेगळं पीठ असेल, असं समजले मी. मीठ, मिरची, लसूण, सगळं कसं बेतानं घातलं होतं मी. त्या चांगल्या पिठाला तुम्ही साखर फासलीत!"

मी न्यायासाठी बायकोकडे पाहिलं.

"खरंच रे," ती म्हणाली. "आईनं एवढ्या मायेनं केलं होतं!"

म्हणजे गुन्हेगार मी! पीठ माझं, मेहनत माझी, आणि नासाडीही मीच केली!

सासरे चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवून पातेल्यात डोकावले. "उरलंय बरंच. धिरडीच घाला. साखर नको."

घातली. काय करतो! सगळ्यांनी मागून मागून खाल्ली आणि सासूबाईंचं तोंड भरून कौतुक केलं. मीही चार खाल्ली. फक्कड झाली होती हो, पण हे आमच्या घरात कुणाला सांगू नका!