दोन मार्कांचं स्टिअरिंग

यंदाचा करंडक नागपूरच्या आपल्या नंदनवन वस्तीतच येणार, असं रविंद्रभाऊ गजभिये यांनी दिवाळीतच जाहीर करून टाकलं होतं. ज्याने विचारलं त्याला सांगितलं, आणि ज्याने विचारलं नाही त्याला थांबवून सांगितलं. हा करंडक जुन्या गाड्यांच्या मेळाव्यातला, ‘सर्वांत अस्सल गाडी’ म्हणून मिळणारा. दर जानेवारीत धरमपेठेच्या एका मैदानावर मेळावा भरतो. मागच्या वर्षी भाऊंची बासष्ट सालची फियाट तिथे दुसरी आली होती, फक्त दोन मार्कांनी. परीक्षकांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘स्टिअरिंग कंपनीचं नाही. दोन गुण वजा.’ ती चिठ्ठी भाऊंनी चष्म्याच्या डबीत ठेवली होती. त्यामुळे रोज सकाळी पेपर उघडण्याआधीच त्यांचं तोंड कडू होत असे.

खापरखेड्याच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं कंट्रोल रूम सांभाळलेला माणूस. काटा हिरव्या पट्टीबाहेर गेला की त्याला घास गोड लागत नसे. निवृत्तीनंतर ते सगळे काटे तिथेच राहिले आणि भाऊंच्या वाट्याला उरली ही फियाट. पंचाऐंशी साली एका बदली झालेल्या इंजिनिअर साहेबांकडून घेतलेली. तिचे दिवे, दरवाजांच्या मुठी, घड्याळ, सगळं कंपनीचं. परकं होतं ते एवढं स्टिअरिंगच.

येणाऱ्या-जाणाऱ्याला ते त्यावर व्याख्यान देत. “पाहा, कंपनीचं स्टिअरिंग कसं होतं? परातीएवढं. पातळ, दुधी रंगाचं, दोन दांड्यांचं. मधात हॉर्नची चकचकीत अर्धी कडी. बोट लावलं का वाजे. अन् हे पाहा. छोटं, काळ्या चामड्याचं, तीन पत्र्याच्या दांड्या. सर्कशीतलं वाटते. त्याच्यावर ओरखडे पण किती पडले. हलका माल.”

“मग लावलं काहून?” पाहुणा विचारी.

“जवानीतलं येडेपण, दुसरं काय,” भाऊ म्हणत, आणि आत स्वयंपाकघरात सिंधूताई हातातलं भांडं जरा जास्तच जोरात ठेवत.

सिंधूताई म्हणजे भाऊंच्या पत्नी, वीज केंद्राच्या कॉलनीतल्या शाळेच्या निवृत्त बाई. जन्मभर पोरांना रिकामी जागा भरा शिकवलं, पण नवऱ्याच्या बोलण्यातली रिकामी जागा त्यांनी कधी भरली नाही.

कंपनीच्या स्टिअरिंगसाठी भाऊंनी आठ महिने भंगारवाले पालथे घातले. जबलपूरला जाऊन आले, रायपूरला जाऊन आले. रायपूरला मिळालं ते ट्रकचं निघालं. शेवटी मेळाव्याला चार दिवस राहिले तेव्हा जेवताना म्हणाले, “नाही भेटत वं सिंधू. बासष्टचं दुधी स्टिअरिंग साऱ्या मुलुखात नाही.”

“आपल्या लोखंडी पेटीत आहे,” सिंधूताई म्हणाल्या. “रजयांच्या खाली. चादरीत गुंडाळून ठेवलं मी.”

भाऊंच्या हातातला भाकरीचा तुकडा वरणात पडला. “अन् आठ महिने सांगितलं नाही?”

“तुम्ही साऱ्या दुनियेले इचारलं. मले इचारलं काय?”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. पेटी उघडली, रजया निघाल्या, आणि चादरीतून ते बाहेर आलं. एक तडा नाही, कडीला गंज नाही. भाऊंनी ते दोन्ही हातांत धरून जागच्या जागी एक काल्पनिक वळण घेतलं.

“एक आयका,” सिंधूताई म्हणाल्या. “लावायच्या आधी बसून पाहजा एकदा. नीट.”

“बसाचं काय त्याच्यात? बसून नाही तर उभं राहून चालवते काय कोणी?”

“अन् छोटं कोणाले देऊ नका.”

हे दुसरं वाक्य भाऊंना ऐकू आलं नाही, किंवा त्यांनी ऐकून घेतलं नाही. कारण छोटं स्टिअरिंग त्यांनी आधीच धरमपेठेतल्या दातांच्या डॉक्टर केयूरना कबूल करून ठेवलं होतं. डॉक्टरांनाही जुन्या गाडीचं वेड. मेळाव्यातूनच नेतो म्हणाले होते.

आदल्या दिवशी नत्थूजी मेकॅनिक आले. गेली तीस वर्षं ही गाडी त्यांच्याच हातची. अंगाने इतके बारीक, की बॉनेटमध्ये वाकले म्हणजे पाना कुठला आणि नत्थूजी कुठले ते कळू नये. त्यांनी स्टिअरिंग बसवलं, स्वतः बसून फिरवून पाहिलं आणि “एकदम फिट” म्हणाले. बॅटरी चार्जिंगला गेलेली असल्याने हॉर्न वाजवून पाहायचा राहिला. मग भाऊ बसले. पोटाला काहीतरी टेकल्यासारखं वाटलं. सीट मागे घ्यावी म्हटलं तर तिचे रूळ कित्येक वर्षांपूर्वीच गंजून पक्के झालेले, तेही बुटक्या सिंधूताईंच्या मापावर. भाऊ म्हणाले, चालते.

मेळाव्याची सकाळ थंडीची होती. भाऊंनी दोन प्लेट तर्री-पोहे खाल्ले, जाड स्वेटर चढवला, छोटं स्टिअरिंग डिक्कीत टाकलं आणि गाडीत बसले. शेजारी सिंधूताई बसल्या. दार लागलं आणि हॉर्न वाजू लागला.

कोणी हात लावला नव्हता. हात लावायची गरजच नव्हती, पोट पुरेसं होतं. गाडी वळली की ती अर्धी कडी बाजूला जाई आणि हॉर्न गप्प बसे. सरळ झाली की कडी पुन्हा खाली, पोटासमोर, आणि पुन्हा बोंब. आणि नंदनवनातून धरमपेठेत जायचं तर नागपूरचे रस्ते बहुतेक सरळच. ऑटोवाले बाजूला झाले. एका चौकात पोलिसाने मंत्र्याची गाडी समजून बाकीची वाहनं अडवली आणि भाऊंना सलाम ठोकला. सलाम घ्यावा की तोंड लपवावं हे न कळून भाऊंनी दोन्ही अर्धंअर्धं केलं.

पुढे त्यांना एक युक्ती सापडली. श्वास रोखून पोट आत ओढलं की हॉर्न थांबतो. मग ते तसेच निघाले, गाल फुगलेले, डोळे बाहेर. शेजारी सिंधूताई पदर तोंडाला लावून खिडकीबाहेर पाहत होत्या.

“काहून हसून राहि—” भाऊंनी विचारायला तोंड उघडलं आणि उरलेला प्रश्न हॉर्नने पूर्ण केला.

मैदानावर परीक्षक गार्गी मॅडम कागद घेऊन आल्या. नियम असा, की मालकाने ड्रायव्हरच्या जागी बसून इंजिन चालू ठेवायचं आणि प्रश्नांची उत्तरं द्यायची. भाऊ पोट आत घेऊन बसले. मॅडमनी दिवे पाहिले, घड्याळ पाहिलं, मग स्टिअरिंगवर हात फिरवला. “वा, कंपनीचं. मागच्या वर्षी नव्हतं ना हे?”

भाऊंनी मान हलवली.

“मग मूळचं काढून दुसरं का लावलं होतं? आठवतंय?”

याचं उत्तर मान हलवून देता येण्यासारखं नव्हतं. “जवानीतलं—” एवढंच भाऊ म्हणू शकले. हॉर्न सुटला आणि मैदानातली सगळी डोकी इकडे वळली.

“मी सांगते,” सिंधूताई म्हणाल्या. भाऊंनी घाईघाईने पोट आत घेतलं, म्हणून पुढचं सगळं शांततेत ऐकू आलं. “सत्त्याऐंशी साल होतं, मॅडम. ह्यायची शिफ्ट ड्युटी, म्हणून शाळेत जायले गाडी मीच चालवत होती. आमचा धम्मदीप पोटात. सातवा महिना लागला अन् पोट या कडीले टेके. अस्साच हॉर्न वाजे. प्लांटच्या गेटवरचा पहारेकरी मोठे साहेब आले समजून रोज सलाम मारे. मले मेल्याहून मेल्यासारखं होये. एक दिवस हे ड्युटीवरून आले ते हातात छोटं स्टिअरिंग घेऊन. काही बोलले नाही, पाने काढून बसले. संध्याकाळी मले एवढंच म्हणले, बसून पाह्य.”

ती संध्याकाळ भाऊंना आठवली. मग ते ओरखडेही आठवले, ज्यांना ते आठ महिने हलका माल म्हणत होते. सिंधूच्या काचेच्या बांगड्यांचे ओरखडे होते ते, रोज शाळेत जाता-येता पडलेले. आयुष्यात न सांगता, न मिरवता केलेली एक शहाणपणाची गोष्ट, आणि तिलाच आपण गावभर येडेपण म्हणत फिरलो. भाऊंना फार लाज वाटली. आणि लाजेच्या खाली कुठेतरी बरंही वाटलं, कारण ही बाई ते सगळं विसरली नव्हती. त्यांनी एक लांब श्वास सोडला, आणि अर्थातच हॉर्न वाजला.

निकाल दुपारी लागला. स्टिअरिंगला पूर्ण गुण. खाली मॅडमनी लिहिलं होतं, ‘हॉर्न विनाकारण वाजतो. दोन गुण वजा.’ फियाट पुन्हा दुसरी.

भाऊंनी ही चिठ्ठी डबीत ठेवली नाही. केयूर डॉक्टर डिक्कीजवळ येऊन थांबले होते, त्यांना हात जोडले. “डॉक्टरसाहेब, माफ करा. छोटं नाही देता येत. ते माह्यं नाही, हिचं होय.” मग मेळावा पाहायला आलेल्या नत्थूजींना हाक मारली, डिक्कीतून छोटं स्टिअरिंग काढून त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, “आत्ताच लावून द्या. जाताना सिंधू चालवणार.”

नत्थूजींनी पाना काढला, पण मन मानेना. “काहून बदलवून राहिले भाऊ? आठ महिने हिंडले तुम्ही याच्यासाठी. काय खराबी आहे याच्यात?”

सिंधूताई चष्मा पुसून डोळ्यांवर चढवत आपल्या मापाच्या सीटवर जाऊन बसल्या आणि भाऊंकडे बोट दाखवून म्हणाल्या, “काही खराबी नाही नत्थूभाऊ. माह्या वेळी सातवा महिना होता. ह्यायले कितवा आहे, ते ह्यायलेच इचारा.”

भाऊंनी बोलायला तोंड उघडलं, आणि सवयीने आधी पोट आत ओढून घेतलं.