नापास फांद्या

एका जंगलात, मुलांनो, एक सशीण राहत होती. ती शिकलेली होती, त्यामुळे तिला काळजी करायला विषय भरपूर होते. तिचं नाव गौतमी. पोरं तीन.

तिच्या बिळाच्या तोंडाशी जास्वंदीचं जुनं झुडूप होतं. त्याच्या आडोशाला पोरं खेळत. वर घिरट्या घालणाऱ्या घारीला ती दिसत नसत. पण यंदा बुंध्याला वाळवी लागली. झुडूप फार तर दसऱ्यापर्यंत तग धरणार होतं. त्याआधी त्याच्याच फांद्या लावून नवं कुंपण उभं करायला हवं होतं.

फांद्या कापायच्या कधी, एवढाच प्रश्न होता.

गौतमी कासवआजोबांकडे गेली.

"ज्येष्ठ सरता सरता काप, पोरी," आजोबा म्हणाले. "फांदी अगदी कोवळी नको, फार जून नको. पेन्सिलीएवढी जाड बघ. पान फुटतं त्या डोळ्याच्या खाली तिरका काप दे, चिखलात खोच. संपलं."

'संपलं' ऐकून गौतमीला धास्तीच वाटली. इतकं सोपं कधी बरोबर असतं का? दुसरं मत घ्यायला ती माकडमामांकडे गेली.

"फुलं संपली की काप," मामा म्हणाले.

"पण मामा, जास्वंदीची फुलं संपतात कधी?"

"हाच तर अभ्यासाचा विषय आहे!" असं म्हणून मामा दुसऱ्या झाडावर गेले.

वाटेत हरिणी भेटली. "अय्या, अजून नाही लावल्यास? आमच्या तर चैत्रातच लावून झाल्या. दोन-दोन पानं आलीसुद्धा!"

गौतमीचा जीव खालीवर झाला. आपलंच काहीतरी चुकतंय, हे तिला ठाऊकच होतं. फक्त काय ते कळत नव्हतं.

मग तिनं स्वतःच परीक्षा घ्यायचं ठरवलं. रोज सकाळी ती एक-दोन फांद्या वाकवून बघे. नुसती वाकली, तर कोवळी. काटकन मोडली, तर जून. थोडी वाकून मग मोडली, तर अगदी बरोबर! पण मोडल्यावर काप तिरका कुठून येणार? म्हणून तीही बाद.

बाद फांद्यांचा ढीग शेजारच्या साळूवहिनींच्या दाराशी साठत गेला. वहिनींना पाच पोरं. अंगावर काटे, डोक्यात दुसरंच काही.

"अगं गौतमी, हा कचरा माझ्या दारात कशाला गं?"

"कचरा नाही, वहिनी. नापास फांद्या आहेत."

"बरं झालं. पोरं इथं घसरून पडतात मेली. धरायला होतील." वहिनींनी फांद्या उचलल्या आणि चिखलात ओळीनं खुपसल्या. काही तर उलट्यासुद्धा. गौतमीनं मान फिरवली. तिला ते बघवेना.

आषाढ गेला. श्रावण गेला. परीक्षा चालूच होती. झुडपाला आता वर शेंडा आणि खाली वाळवी, एवढंच उरलं होतं.

भाद्रपदात एका दुपारी ते आडवं झालं.

पोरं उघड्यावर आली. घारीनं पाहिलं आणि ती सरळ खाली झेपावली. गौतमी किंचाळली. पोरं वाट फुटेल तिकडे पळाली, आणि वाट फुटली ती साळूवहिनींच्या दाराकडे. तिथं जास्वंदीचं हिरवंगार कुंपण उभं होतं. पोरं त्यात शिरली. घारीच्या पंजात एक लाल फूल आलं. ते घेऊन ती चिडून निघून गेली.

गौतमीनं पोरं मोजली. तीन. पुन्हा मोजली. तीनच. मग तिनं डोळे पुसले आणि वही काढली.

"वहिनी, खरं सांगा. तुम्ही या फांद्या नक्की कधी खोचल्यात?"

"कधी म्हणजे? हात रिकामा होता तेव्हा."

गौतमीनं ते लिहून घेतलं. खाली दोन रेघा मारल्या. मग एक पोर कडेवर, एक पाठीवर आणि एक पायाला मिठी मारलेलं, अशी ती उभी राहिली. आता ती हात रिकामा होण्याच्या मोसमाची वाट बघते आहे.

तात्पर्य : मुलांची काळजी डोळ्यांत तेल घालून करावी. मात्र बीळ निष्काळजी शेजारणीला लागूनच घ्यावं.